दहा हजार फुटांच्या खाली

“पोले साना, कॅप्टन,” म्हणत चेबेतनं किनोतीला मिठीच मारली. ब्रीफिंगच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत. चेबेत म्हणजे केबिन क्रूची प्रमुख, अंगानं दणकट; तिच्या मिठीत माणूस पुरता झाकून जातो. किनोतीची टोपी तिरकी झाली.

“जेवताय का नीट? घरी कोण आहे आता?”

“मेव्हणी आहे रविवारपर्यंत.”

“आणि मग?”

“मग बघू.”

टेबलापलीकडे फर्स्ट ऑफिसर अकेयो इंधनाचा कागद वाचत उभी होती. त्या कागदात वाचण्यासारखं फार काही नसतं. नैरोबी ते मोंबासा आणि परत, रोजचीच खेप. तरी ती वाचत राहिली. चेबेत बाजूला झाल्यावर मान वर करून म्हणाली, “इंधन नेहमीचंच. मोंबासाला हवा स्वच्छ.”

“चेक्ड,” किनोती म्हणाला.

आमच्याकडे रस्त्यात कुणाला ठेच लागली तरी परका माणूस ‘पोले’ म्हणतो, म्हणजे वाईट वाटलं. हातातला पेला फुटला तरी म्हणतात. आणि इथे तर माणसाची बायको गेली होती. गाचेरीला पुरून किनोती आज पहिल्यांदा कामावर आला होता. पेट्रोल भरणाऱ्यानं म्हटलं, गेटवरच्या शिपायानं दंडुका काखेत धरून दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. विमानाची झाडलोट करणाऱ्या बाया तर रांगेनं आल्या. एकही वैमानिक आला नाही.

विमानाकडे नेणाऱ्या व्हॅनमध्ये किनोती नेहमीप्रमाणे पुढे बसला. ड्रायव्हरशेजारी दोघांपुरता बाक आहे. त्यातली एक जागा किनोतीची आणि दुसरी त्याच्या टोपीची. अकरा वर्षं ही व्यवस्था चालू होती आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी संप झाला होता. मागणी रास्त होती. वैमानिकांना पुरती विश्रांती न देता पुन्हा विमानात बसवलं जात होतं. एकाला तर उतरताना डुलकी लागली होती. किनोतीही मान्य करायचा की हे थांबलं पाहिजे. पण विमानतळाजवळच्या हॉटेलात सभा भरली तेव्हा मत घेतलं ते हात वर करून. ज्याचा हात खाली, त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं. किनोतीनं हात वर केला नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मी संपाच्या बाजूचा आहे. पण मत चिठ्ठीवर घ्या, घडी घालून. माझा हात कुठे असावा ते तुम्ही मोजायचं नाही.”

लोक हसले. कुणीतरी शीळ घातली. मग त्याचं नाव पुकारलं गेलं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “माझं मत मी उद्या सकाळी देतो.”

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हा गृहस्थ गणवेश घालून गेला आणि किसुमूचं विमान घेऊन उडाला. शेजारच्या सीटवर कचेरीतला एक बढती मिळालेला वैमानिक होता. ते एक विमान उडालं म्हणून कंपनीला धीर आला, संप लांबला, आणि मिटला तेव्हा चौघांना परत घेतलं नाही. त्यांतला एक ओडेरा. तो आता कितेंगेलाला खिळे आणि पत्रे विकतो.

गाचेरी त्याला नंतर म्हणाली होती, “मतदानाचं तुझं बरोबर होतं. उडालास ते चूक.”

“दोन्ही एकच गोष्ट आहे.”

“नाही. आणि तुला ते कळतं, म्हणून तुझा आवाज चढलाय.”

ती शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. तिच्यापुढे आवाज चढवून कुणाचाच निभाव लागत नसे.

त्यानंतर अबोला सुरू झाला. कुणी ठराव केला नाही, कुठे काही लिहिलं नाही. पण नव्या पोरापोरींना कुणीतरी सांगायचं, किनोतीबरोबर ड्यूटी आहे ना? मग पुस्तकातलंच बोलायचं. म्हणजे विमान चालवायला लागतात ते शब्द. चाकं वर. चेक्ड. फ्लॅप्स. सेट. बाकी चकार शब्द नाही. ज्यांनी तो संप पाहिलाही नव्हता, तीही मुलं वारसाहक्कानं मिळाल्यासारखा हा अबोला पाळायची. वाळीत टाकलेला माणूस निदान गावाबाहेर तरी राहतो. हा तर त्यांच्या हातभर अंतरावर, बंद दाराआड, तासन् तास बसायचा. ‘चाकं वर’ कसं म्हटलं यावरून किनोती ओळखायचा की आज हा घरी भांडून आलाय, हिला सर्दी झालीय, हा प्रेमात पडलाय. त्यापलीकडे त्याला कुणाची काही माहिती नव्हती. यातली गंमत अशी की त्यानं युनियन सोडली होती तरी तिची वर्गणी त्याच्याही पगारातून कापली जायची. करार सगळ्यांना लागू, म्हणून फीही सगळ्यांना. संपात मिळालेली विश्रांती तोही घ्यायचा, आणि घेताना प्रत्येक वेळी त्याला ओडेरा आठवायचा.

मग माणूस बोलणार कुणाशी? तो गाचेरीशी बोलायचा. विमान उतरून इंजिनं थांबली की पहिला फोन तिला. वारा कसा होता, धावपट्टीवर कुत्रं कसं आलं, आणि मुख्य म्हणजे किलिमांजारो दिसला की नाही. मोंबासाच्या वाटेवर तो एका अंगाला असतो, ढगांत असला तर असतो आणि नसतो.

“आज डोंगर मोकळा होता,” तो सांगायचा.

“मग मी चादरी धुवायला काढते.”

“अगं, तो कुठे, आपण कुठे. त्याचा नैरोबीच्या उन्हाशी काही संबंध नाही.”

“तू विमान चालव,” गाचेरी म्हणायची. “धुण्याचं मला कळतं.”

जाताना अंधार होता. डोंगर दिसायचा प्रश्नच नव्हता. अकेयोच्या बाजूच्या काचेत नुसता काळोख, आणि तिचा चेहरा पुढच्या दिव्यांत हिरवट. ती चांगली वैमानिक होती. हात हलका, उगाच घाई नाही. किनोतीला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं.

तो मुसेंबीचा विचार करत होता.

मुसेंबी युनियनचा अध्यक्ष, आणि त्याआधीपासून किनोतीचा मित्र. किनोतीच्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा तोच होता. संपानंतर त्यानंही बोलणं टाकलं. गाचेरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मात्र तो घरी आला. बाहेरच्या खोलीत शेजारपाजारचे लोक बसायला आलेले, म्हणून दोघं मागच्या अंगणात उभे राहिले. दोरीवर गाचेरीनंच वाळत घातलेल्या चादरी तशाच होत्या. कुणी काढल्या नव्हत्या.

“किती खाल्लंय मी या घरात,” मुसेंबी म्हणाला. “तिच्या हातचं मुकिमो. नको म्हटलं तरी वाढायची.”

किनोतीनं दोरीवरचा एक चिमटा सरळ केला.

“ऐक. सचिवाला एक फोन कर. युनियनमध्ये परत येतो म्हण, बस. माफीबिफी काही नको, ते मी बघतो. शनिवारी मातीच्या वेळी न्कुबूला आमची निम्मी माणसं उभी करतो. गणवेशात. शवपेटी आम्ही उचलू. तिच्यासाठी, माणसा.”

“तिच्यासाठी यायचं तर या की. कोण अडवतंय?”

“असं नाही ना येता येत.”

“का?”

“मी एकटा आलो तर उद्या मला खुर्चीवर ठेवतील?”

“म्हणजे तूही विचारूनच येतोस,” किनोती म्हणाला.

मुसेंबीचा चेहरा उतरला. “तू कधीच सुधारणार नाहीस. मोकळा माणूस! बायकोच्या मातीला चार खांदे नाहीत आणि म्हणे मोकळा.”

“खांदे आहेत. तिचे भाऊ आहेत.”

मुसेंबी फाटकाशी थांबला. वळून म्हणाला, “पोले, किनोती.” हळूच म्हणाला. मग गेला.

शनिवारी न्कुबूला माणसं खूप आली. शाळेची मुलं आली, चर्चच्या बायका आल्या, शेजारी आले. आमच्याकडे मातीच्या वेळी सूत्रं सांभाळणारा एकेका गटाला उभं राहायला सांगतो, म्हणजे गेलेल्या माणसाला कोणाकोणाचा आधार होता ते सगळ्यांना दिसतं. माहेरची माणसं उभी राहिली. शाळेची उभी राहिली. मग तो भोंग्यात ओरडला, “आता यजमानांच्या कामावरची मंडळी! आमचे पायलट लोक! उभे राहा, आम्हाला बघू द्या!”

सगळा मांडव मागे वळून पाहू लागला. कुणीच उठेना. तो बिचारा पुन्हा ओरडला, लाजू नका म्हणाला. किनोती पहिल्या रांगेत मान ताठ ठेवून बसला होता. शेवटी मागून चेबेत उठली, एकटी. अंगाभोवती गुंडाळलेल्या हिरव्या लेशोत ती केवढी मोठी दिसत होती. तिनं हात हलवला आणि खाली बसली. गाचेरीची बहीण किनोतीच्या कानाशी म्हणाली, “एवढी वर्षं तू नक्की कुठे कामाला जात होतास रे?”

आपल्या हट्टाची किंमत त्यानं अकरा वर्षं स्वतः भरली होती, आणि तो ती भरायला तयारही होता. पण त्या दिवशी ती गाचेरीनं भरली. ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

मोंबासाला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. उतारू उतरले, झाडणारे आत आले. किनोती आपल्या सीटवरच बसून राहिला. दार उघडंच होतं आणि पलीकडे चहाच्या कपाटाजवळ चेबेत आणि अकेयो उभ्या होत्या. चेबेतला हळू बोलता येत नाही.

“काय बाई आहेस तू? एक शब्द नाही निघत तोंडातून?”

“तुझी युनियन वेगळी, चेबेत. तुला नाही कळणार.”

“युनियनला काय बायका नसतात? मरत नाहीत?”

“माझ्या पोटात पोर होतं तेव्हा कंपनीनं मला घरी बसवून पगार थांबवला. कोण भांडलं माझ्यासाठी? हा भांडला? युनियन भांडली. मुसेंबी स्वतः कोर्टात येऊन बसायचा. सगळ्यांनी मिळून राहायचं असं ठरलं की राहायचं. त्यातून आपल्याला हवं तेवढंच घ्यायचं, असं नाही चालत. हा माणूस त्या दिवशी उडाला नसता तर ओडेरा आज खिळे विकत बसला नसता.”

“अगं, मी तुला त्याच्याशी लग्न कर म्हणत नाहीये. पोले म्हण म्हणतेय.”

अकेयोनं कपाटातून एक पेला काढला. म्हणाली, “माझी आई गेली तेव्हा सगळे आले होते. शंभरच्या वर. मला तेच आठवतंय सकाळपासून.”

“मग?”

“मग काय? चहा दे.”

किनोतीनं उगाच एक बटण दाबून पाहिलं. अकेयोचं म्हणणं त्याला चूक वाटलं नाही. पण तो दिवस पुन्हा आला असता तर तो काय करता? तो उडाला असता. आणि पुन्हा हेच झालं असतं. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती आणि ती कशी काढायची या विचारानं त्याला नुसतं बसल्या बसल्या थकल्यासारखं झालं.

परतीचं उड्डाण त्याच्याकडे होतं. समुद्र मागे पडला, चाकं पोटात गेली. सकाळच्या हवेत विमान जरा हललं आणि स्थिर झालं. तेवढ्यात अकेयो घसा खाकरून म्हणाली,

“कॅप्टन, मला एक…”

“दहा हजारांच्या खाली आहोत,” किनोती म्हणाला.

ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं. दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय बोलायचं नाही, हा नियम साऱ्या जगात आहे, आणि किनोतीनं आयुष्यभर नव्या पोरांना हेच वाक्य ऐकवलं होतं. अकेयोनं तोंड मिटलं. तिचा हात पुढच्या पट्टीवर होता, तो मांडीवर आला.

आणि मग किनोतीच्या ध्यानात आलं, आपण काय केलं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं होतं, आणि त्यानं नियम दाखवून परत पाठवलं.

विमान चढत राहिलं. सहा हजार. सात हजार. किनोतीनं एवढ्या आतुरतेनं काट्याकडे शिकाऊ असतानाही पाहिलं नव्हतं. अखेर तो म्हणाला, “दहा हजार.”

“दहा हजार. दिवे बंद,” अकेयो म्हणाली आणि दिवे बंद केले.

तो थांबला. ती समोर पाहत होती. आता बोलेल, मग बोलेल. बोलली नाही. एकदा गोळा केलेला धीर माणूस लगेच पुन्हा कुठून आणणार? चेबेतनं दार वाजवून चहा आत दिला, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, सुस्कारा सोडला आणि गेली.

मग डाव्या काचेत डोंगर आला.

खाली पांढऱ्या ढगांची सपाट चादर, आणि तिच्यातून वर आलेलं त्याचं ते रुंद डोकं, बर्फाच्या पांढऱ्या भेगांसकट. एकही ढग अंगावर नाही. किनोतीचा हात नकळत खिशातल्या फोनवर गेला. उतरल्यावर सांगू, असं त्याच्या मनात आलं. कुणाला, ते त्यानंतर आलं.

त्याला कसंतरीच झालं. रडायचं नसलं की तो ज्या गोष्टी करायचा त्या सगळ्या त्यानं केल्या: इंजिनांचे आकडे पाहिले, इंधन पाहिलं, पट्टा आवळला. डोंगर हलेना. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला एक साधी गोष्ट सुचली. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्याला कुणी मनाई केली होती? कुणीच नाही. ते बोलत नाहीत तर मी का बोलू, म्हणून हाही तोंड मिटून बसला होता, आणि स्वतःला मोकळा माणूस म्हणवत होता.

“डोंगर मोकळा आहे आज,” किनोती म्हणाला.

अकेयो दचकली. मग पुढे वाकली, त्याच्या पलीकडच्या काचेतून तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“चेक्ड,” ती म्हणाली.

सवयीनं निघालं तिच्या तोंडून. तिचं तिलाच कळलं आणि ती पुरती ओशाळली. किनोतीला हसू आलं. अगदी जोरात नाही, पण आलं.

“बायकोला सांगायचो मी,” तो म्हणाला. “रोज, उतरलो की. डोंगर मोकळा असला की ती चादरी धुवायची. काही संबंध नाही, पण धुवायची.”

अकेयोनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात नैरोबीनं रेडिओवर त्यांचं नाव घेऊन खाली यायला सांगितलं. तिनं उत्तर दिलं. मग आकडे लावले, मग यादी वाचली, मग दहा हजार आलंच. नैरोबी मुळात एवढ्या उंचावर आहे की खाली उतरायला फार जागाच नसते.

इंजिनं थांबली. किनोतीनं सवयीनं फोन काढला, पाहिला, आणि परत खिशात ठेवला.

व्हॅनमध्ये किसुमूहून आलेले दोन वैमानिक मागे बसले होते. किनोती पुढे चढला आणि शेजारी टोपी ठेवली. ड्रायव्हरनं मान लववली. चेबेत चढली, तिच्या हाताखालच्या केबिनमधल्या मुली चढल्या. अकेयो सर्वांत शेवटी आली. मागचं दार तिच्यासाठी एकानं धरून ठेवलं होतं.

ती ते दार सोडून पुढे आली आणि पुढचं दार उघडून उभी राहिली.

“सरका जरा, कॅप्टन.”

किनोतीला आधी समजलंच नाही.

“अकेयो,” मागून एक जण म्हणाला, “मागे जागा आहे.”

“दिसतेय मला.”

मागे मघाशी चाललेले फुटबॉलचे वाद थांबले. चेबेतसुद्धा काही बोलली नाही, हे विशेष. ड्रायव्हर समोरच्या काचेतून काहीच नसलेल्या रस्त्याकडे बघत राहिला.

बाहेर ऊन चढलं होतं. अकेयो पिशवी छातीशी धरून उभीच होती. बाकावरची टोपी उचलून किनोती ड्रायव्हरकडे सरकला. टोपी त्यानं मांडीवर घेतली.

ती चढली, दार ओढून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसली. पोले ती म्हणाली नाही. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी लोक येतात, फार बोलत नाहीत, नुसते बसतात. तशी ती टर्मिनलपर्यंत बसून होती.